खाली थांबणाऱ्याचं काय?

शंकेखोर : मोहिमेहून परतलेल्या गिर्यारोहकाचा सत्कार असला की माझं लक्ष स्टेजवरच्या शेवटच्या खुर्चीकडे जातं. तिथे त्याची बायको बसलेली असते. शाल त्याला, श्रीफळ त्याला, मानपत्र त्याला. मग सूत्रसंचालक म्हणतो, ‘यांच्या खंबीर पाठिंब्याशिवाय हे शक्यच नव्हतं,’ आणि तिच्या हातात एक गुच्छ येतो. मला त्या गुच्छाबद्दल बोलायचं आहे. पाठिंबा दिला म्हणजे तिनं नेमकं काय केलं? नाही म्हणायची सोय होती तिला? नवऱ्याच्या हट्टाला ध्येय म्हणायचं आणि बायकोच्या भीतीला रडगाणं, अशी ज्या घराची रीत, तिथे तिच्या गप्प बसण्यालाच आपण पाठिंबा म्हणतो. ती ‘जाऊ नकोस’ म्हणाली असती तर तिची ओळख काय झाली असती? स्वप्नाच्या आड येणारी बाई. ते नको, म्हणून ती हसून बॅग भरते. दोन महिने घर, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा, घराचा हप्ता हे सगळं ओढते. परत आल्यावर टाळ्या वाजवते. माझी शंका एवढीच, की नकार देण्याची मुभाच नसेल तर होकाराला किती अर्थ उरतो?

पाठीराखा : ताई, माझ्या घरी खुर्च्या उलट्या मांडल्यात. डोंगरावर जाते ती माझी बायको. गुच्छ मला मिळतो, आणि तो बायकांना मिळतो त्याच्यापेक्षा बराच मोठा असतो. मी दोन महिने मुलीचा डबा भरतो याचं लोकांना भारी कौतुक. जोडीला एक प्रश्न हमखास येतो, ‘जाऊ कसं देता हो तुम्ही?’ जणू ती माझ्या परवानगीवर उभी आहे. गिर्यारोहक पुरुषाच्या बायकोला असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. तुमच्या शंकेत तथ्य आहे. पण ती जगात बोलून दाखवली जाते तेव्हा तिचा रोख कुणाकडे असतो तेही पाहा. ॲलिसन हार्ग्रीव्ह्ज ही ब्रिटिश गिर्यारोहक 13 मे 1995 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, नळकांड्यातला प्राणवायू न घेता आणि शेर्पांच्या मदतीशिवाय. तीनच महिन्यांनी, 13 ऑगस्टला, के-टू शिखरावरून उतरताना वादळात ती गेली. मागे सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. वर्तमानपत्रांनी तिला स्वार्थी आई ठरवलं. 1924 मध्ये जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर नाहीसा झाला तेव्हा त्याचीही तीन मुलं होती, सगळ्यात मोठी आठेक वर्षांची. त्याला स्वार्थी बाप म्हणून कुणी आठवतं? त्याच्यासाठी इंग्लंडच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली, राजा स्वतः हजर होता. तुमचा प्रश्न दोघांना सारखाच विचारणार असाल तर मी बसून ऐकतो. नाहीतर तो फक्त बाईला घरी ठेवायच्या कामी येतो.

शंकेखोर : दोघांना सारखाच विचारते. मॅलरीला तर जरा जास्तच, कारण 1921 आणि 1922 मध्ये जाऊन आल्यावर, त्या डोंगराची पुरेपूर कल्पना असताना, तो तिसऱ्यांदा गेला. पण दोष वाटण्यात अन्याय झाला म्हणून नुकसान कमी होत नाही. हार्ग्रीव्ह्जला शिव्या देणारे ढोंगी होते, कबूल. तरी तिचा सहा वर्षांचा मुलगा आईविना वाढला हेही खरंच. तो टॉम बॅलार्ड पुढे गिर्यारोहक झाला आणि 2019 मध्ये नंगा पर्बतवर मरण पावला, तिशीच्या उंबरठ्यावर. आता तू म्हणशील, तो सज्ञान होता, त्यानं स्वतः निवडलं.

पाठीराखा : म्हणणारच. त्याच्या आयुष्याला आईच्या मृत्यूचं परिशिष्ट करून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आल्प्समधल्या सहा मोठ्या उत्तरभिंती तो एकाच हिवाळ्यात एकट्यानं चढला. त्यात आनंद नव्हता, नुसती जखमच होती, हे आपण कुठल्या आधारावर ठरवायचं?

शंकेखोर : नाही ठरवत. मी फक्त म्हणते की जोडीदाराच्या संमतीबद्दल आपण तासभर बोलू शकतो, मुलांच्या संमतीबद्दल बोलायला काही उरतच नाही. ते असू दे, आधी व्यवहाराचं बोलू, कारण व्यवहारावर या खेळाचे भक्त बोलत नाहीत. मे 2016 मध्ये कोलकाता पोलिसांतले गौतम घोष एव्हरेस्टवर गेले आणि परतले नाहीत. मृतदेह वर्षभर वरच होता. 2017 मध्ये शेर्पांच्या तुकडीनं तो खाली आणला, तोही राज्य सरकारनं खर्च उचलला म्हणून. एवढ्या उंचीवरून देह आणायचा तर लाखो रुपये लागतात, मध्यमवर्गीय घरानं कुठून आणायचे? आणि देह सापडलाच नाही तर? साथीदारांनी डोळ्यांदेखत पडताना पाहिलं असेल तर गोष्ट वेगळी. कुणीच पाहिलं नसेल तर आपल्या कायद्यात सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही की माणूस मेला असं धरतात. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 108 होतं, नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. बँक हप्त्यासाठी सात वर्षं थांबते का? श्राद्ध घालायचं की नाही? मुलानं शाळेच्या अर्जावर वडिलांच्या रकान्यात काय लिहायचं? घरच्यांनी पाठिंबा द्यावा असं म्हणणाऱ्यांनी हा सगळा कागद आधी त्यांच्यासमोर ठेवलेला असतो का?

पाठीराखा : आमच्या घरी ठेवला होता. माझ्या बायकोनंच ठेवला, मी नाही. टर्म इन्शुरन्सच्या अर्जात गिर्यारोहण स्पष्ट लिहिलं, हप्ता वाढला तो भरतो. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबद्दलचं वगळणीचं कलम असतं, आपल्याकडे ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं लिहिलेलं असतं. तेही विचारून घेतलं. मृत्युपत्र आहे. बँकेतली खाती, पासवर्ड, मुलीचा पालक कोण, सगळं एका फाईलमध्ये आहे. ती फाईल करताना मी रडलो होतो, ती नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, बहुतेक घरांत ही फाईल नसते. ती काढणं म्हणजे अपशकुन असं आपल्याकडे मानतात. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून आपण गप्प बसतो. आता माझी बाजू ऐका. पाठिंबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर औक्षणाचं तबक येतं. माझ्या लेखी पाठिंबा हे रोजचं कंटाळवाणं काम आहे. पहाटे पाचला ती पाठीवर ओझं घेऊन सिंहगड चढायला जाते तेव्हा मुलीला उठवून शाळेत सोडणं. बिनपगारी रजेच्या महिन्यांचा हिशेब बसवणं. आणि तिच्या खेळाचं एवढं तरी ज्ञान मिळवणं, की ती काय करते आहे ते मला कळावं. मी गाठी शिकलो. ड्यूक्स नोजच्या कड्यावर तिला बिले दिला, म्हणजे खालून तिचा दोर सांभाळला. लीड क्लाइंबर खालून वर जाताना दोर त्याच्याही खालीच असतो, पडला तर शेवटच्या अँकरच्या खाली तेवढंच अंतर तो पुन्हा पडतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या बायकोच्या बाबतीत दोर हातात धरून समजणं वेगळं. त्या दिवसापासून माझी भीती कमी झाली नाही, पण नेमकी झाली. आता मला ठाऊक आहे की कुठल्या गोष्टीला घाबरायचं आणि कुठल्या गोष्टीला उगाच.

शंकेखोर : हे तू छान सांगितलंस आणि मला ते पटतंही. तरी त्याचा उपयोग कुठवर? लोकांना एव्हरेस्टवर नेणारा न्यूझीलंडचा मार्गदर्शक रॉब हॉल, त्याची बायको जॅन आर्नोल्ड स्वतः डॉक्टर होती. 1993 मध्ये ती नवऱ्याबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली होती. तुझ्यापेक्षा किती तरी जास्त नेमकी भीती तिला ठाऊक असणार. मे 1996 मध्ये हॉल शिखराच्या जरा खाली अडकला तेव्हा रेडिओ आणि सॅटेलाइट फोन जोडून त्यांचं शेवटचं बोलणं झालं. ती गरोदर होती. बाळाचं नाव त्यांनी त्या बोलण्यात ठरवलं. कुठल्या जागी, कुठल्या थंडीत तो बसलाय हे तिला पक्कं माहीत होतं. त्या ज्ञानानं त्याला खाली आणलं नाही. बरं, हॉल बेपर्वा होता का? त्यानंच माणसांना परत फिरण्याची वेळ घालून दिली होती, दुपारी दोनच्या आत. त्याच माणसानं त्या दिवशी चार वाजून गेल्यावरही आपल्या एका ग्राहकासाठी वर थांबणं पत्करलं, ज्याला आदल्या वर्षी त्यानं शिखराजवळून माघारी वळवलं होतं. वर गेल्यावर माणूस घरी केलेला करार पाळतोच असं नाही. मग घरानं ज्या कराराच्या भरवशावर हो म्हटलं, त्याला कागदापलीकडे काय किंमत?

पाठीराखा : याच मोहिमेतलं दुसरं घर विसरू नका. बेक वेदर्स हा टेक्सासमधला डॉक्टर. त्याची बायको पीच या डोंगरवेडाला इतकी कंटाळली होती की तो एव्हरेस्टवर असतानाच तिनं त्याला सोडायचं ठरवलं होतं. तो मेला असा निरोप आला, मग जिवंत आहे असा आला. टेक्सासमध्ये बसून तिनं ओळखीपाळखीतून, वॉशिंग्टनपर्यंत फोन करून हेलिकॉप्टर वर पाठवायची धडपड केली. मदन खत्री छेत्री या नेपाळी वैमानिकानं सहा हजार मीटरच्या आसपास हेलिकॉप्टर नेलं आणि वेदर्स वाचला. पाठिंबा दिला कुणी? सोडायला निघालेल्या बाईनं. म्हणून मला वाटतं, घरच्यांचा होकार-नकार हा आपण समजतो तेवढा मोठा मुद्दा नसावा.

शंकेखोर : वा! म्हणजे तिनं छंदाला विरोध केला आणि जीव वाचवला, तर श्रेय छंदाच्या बाजूला? ती कंटाळली होती ते छंदापायीच. परत आल्यावर तिनं त्याला एक वर्षाची मुदत दिली आणि तो बदलला, म्हणून ते घर टिकलं. माझ्या बाजूचं याहून चांगलं उदाहरण मला शोधून मिळालं नसतं. थेट नकार देणारी, अटी घालणारी, वेळ पडली तर फोन घेऊन बसणारी बाई ही त्या सत्कारातल्या गुच्छवाल्या बाईपेक्षा खरी जोडीदार आहे, असं मी म्हणेन.

पाठीराखा : म्हणा. मला ते नाकारता येत नाही.

शंकेखोर : आता आणखी एका घराकडे बघ, ज्याचं नाव या चर्चेत येत नाही. 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार गेले, त्यातले बहुतेक शेर्पा. अंत्यविधीसाठी सरकारनं आधी प्रत्येकी 40,000 नेपाळी रुपये देऊ केले, त्यावर संतापाची लाट उसळली आणि त्या हंगामात नेपाळच्या बाजूनं काम जवळपास थांबलं. त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं, तुमचा पाठिंबा आहे का? तो रोजगार आहे. मुलांच्या काठमांडूतल्या शाळेची फी त्यातून जाते. आपल्याकडचा गिर्यारोहक घरच्यांचा होकार मिळवतो, आणि त्या होकाराच्या पायाखाली दुसऱ्या एका घराचा नाइलाज असतो. 1922 मध्ये मॅलरीच्याच तुकडीतले सात भारवाहक हिमलोटात गेले. शंभर वर्षं झाली, धोक्याची ही वाटणी फारशी बदललेली नाही. तू घरी फाईल केलीस. तुझ्या बायकोचं ओझं वाहणाऱ्याच्या घरची फाईल कुणी केली?

पाठीराखा : हा घाव खोल आहे. मी उत्तर देऊ शकत नाही, काही गोष्टी मांडू शकतो एवढंच. दुर्घटनेनंतर त्यांच्या विम्याची सक्तीची रक्कम 10 लाखांवरून 15 लाख नेपाळी रुपये झाली, पुरेशी नाही. आज नेपाळी गिर्यारोहक स्वतःच्या कंपन्या चालवतात, 2021 च्या जानेवारीत के-टू हिवाळ्यात पहिल्यांदा चढले ते दहाही जण नेपाळीच होते, त्यामुळे त्यांना नुसतं गरीब बिचारं म्हणणंही बरोबर नाही. पण तुमचा मुद्दा यानं खोडला जात नाही. माझ्या बायकोपुढे मी तो मांडला तेव्हा ती म्हणाली की म्हणूनच तिला सह्याद्री जास्त आवडतो. तिथे तुमचं ओझं तुमच्या पाठीवर. लिंगाणा असो, वजीर सुळका असो, दोर आपण नेतो, अँकर आपण मारतो, पाणी आपण वाहतो. तरी तीसुद्धा हिमालयात जातेच. आणि सह्याद्री सुरक्षित आहे असंही नाही. अरुण सावंत यांच्यासारखा आयुष्यभर कडे उतरलेला माणूस जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मरण पावला. अनुभव म्हणजे विमा नव्हे, हे त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या प्रत्येक क्लाइंबरच्या घरात पुन्हा कळलं.

शंकेखोर : आणि दुसऱ्या रविवारी सगळे पुन्हा निघाले.

पाठीराखा : निघाले. तुमच्या गल्लीतले गोविंदा नाही निघत? थर कोसळतो, पोरगं मणका मोडून घरी पडतं, पुढल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ वरच्या थरावर असतो. 2014 मध्ये उच्च न्यायालयानं 20 फुटांची मर्यादा घातली, 2017 मध्ये ती उठली, 2022 मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यूला 10 लाख जाहीर केले. तुम्ही दरवर्षी खिडकीत उभ्या राहून बघता. तिथे हा प्रश्न तुम्हाला पडतो का?

शंकेखोर : पडतो. फरक सांगू? तिथे जे व्हायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पडलेल्याला उचलायला अख्खी चाळ असते, नंतर डबा पोचवायला असते, आणि पुढच्या वर्षी त्याची आई पाठवायला तयार नसेल तर तेही सगळ्यांना कळतं. थर चांगला लागला नाही तर खालचा ओरडतो, ‘उतरा!’ आणि उतरतात. डोंगरावरच्या माणसाच्या घरचा आवाज वर पोचत नाही. तू तिला तुझी भीती सांगतोस?

पाठीराखा : निघायच्या आधी नाही. बेस कॅम्पवरून फोन येतो तेव्हा तर मुळीच नाही. मुलीच्या शाळेतलं सांगतो, पाऊस लागला का ते सांगतो. शिखरावर निघायच्या आदल्या रात्री मनावर घरचं ओझं नको. ॲलेक्स हॉनल्ड हा क्लाइंबर जून 2017 मध्ये एल कॅपिटानचा कडा दोराशिवाय चढला, त्याच्यावरच्या फिल्ममध्ये दिसतं, की त्याची मैत्रीण त्याआधी तिथून निघून गेली. त्याला एकटं राहायचं होतं. आणि त्याच्या साधारण वर्षभर आधी, ती बिले देत असताना दोर कमी पडून तो पडला होता, पाठीच्या मणक्यांना दुखापत झाली होती. जवळ असणं दरवेळी मदतच करतं असं नाही.

शंकेखोर : म्हणजे ती अपुऱ्या माहितीवर चढते. हवामान तिला कळवतात, दोर कुठे लावलाय ते कळवतात, आणि घरी नवऱ्याची झोप उडालीय ही एकच गोष्ट लपवतात. तिनं परत फिरायचं की नाही हे ठरवताना ती जमेस धरायला नको का?

पाठीराखा : जमेस धरली तर हात थरथरेल. कड्यावर तो थरथरून चालत नाही.

शंकेखोर : मग वर नको, खाली सांग. मोहिमेचे पैसे भरायच्या आधी. तिकीट काढायच्या आधी. ज्या वेळी तिचा हात टेबलावर असतो, दोरावर नसतो, त्या वेळी सांग की मी आठ हजारी शिखराला हो म्हणू शकत नाही.

पाठीराखा : आणि ती म्हणाली की ही परवानगीच झाली, तुम्ही मघाशी ज्याच्यावर टीका केली तीच, फक्त नवऱ्याच्या तोंडून? अट घातली की मी पहारेकरी होतो. न घालता भीती गिळली की तुमच्या गुच्छवाल्या बाईच्या शेजारी जाऊन बसतो. या दोहोंच्या मधली जागा मी इतकी वर्षं शोधतोय. तिला माझी भीती कळावी, आणि ती कळल्यानंतरही निर्णय तिचाच राहावा, असं काही जमतं का, ते मला कुणी दाखवलेलं नाही.

शंकेखोर : मलाही दाखवता येणार नाही. एकच विचारते. तुझी मुलगी केवढी आहे?

पाठीराखा : नऊ.

शंकेखोर : तिला विचारलंत कधी?

पाठीराखा : काय विचारणार? ती ‘आईनं जाऊ नये’ म्हणेल. मी ऑफिसच्या कामाला नागपूरला निघालो तरी तेच म्हणते.

शंकेखोर : आणि सोळाची झाली की म्हणेल, ‘जा ना आई, मला अभिमान आहे.’ कारण तोवर तिला कळलेलं असेल की कुठल्या उत्तरानं घरात सगळे खूश होतात. नवव्या वर्षीचं उत्तर तू लहान म्हणून बाजूला ठेवणार, सोळाव्या वर्षीचं घडवलेलं असणार. मधे खरं उत्तर द्यायची वेळ तिच्या वाट्याला येणार तरी कधी?

पाठीराखा : आणि नवव्या वर्षीचं ऐकून तिची आई थांबली, तर सोळाव्या वर्षी त्या मुलीला काय सांगायचं, की तुझ्यामुळे थांबली?

शंकेखोर : ते मला माहीत नाही. पुढच्या मोहिमेचे पैसे कधी भरायचेत?

पाठीराखा : दिवाळीनंतर.